आपली दुखण्याची गोळी कुत्र्याला का देऊ नये

वस्तीतल्या प्रत्येक घरात औषधांचा एक डबा असतो. कुणाचा बिस्किटांचा, कुणाचा आइस्क्रीमचा. टीव्हीच्या वरच्या फळीवर तो ठेवलेला असतो आणि त्यात अर्धवट संपलेली गोळ्यांची पाकिटे असतात. अंगदुखीची, तापाची, दाढदुखीची. दिवसभर उभ्याने काम करून आलेल्या माणसाला रात्री त्यातलीच एक गोळी आधार देते. मग दारातला कुत्रा लंगडू लागला, रिक्षाचा धक्का लागून कण्हू लागला, की हात त्याच डब्याकडे जातो. चपातीच्या तुकड्यात अर्धी गोळी घालून त्याला दिली जाते. देणाऱ्याच्या मनात मायाच असते, याबद्दल मला शंका नाही. पण ती अर्धी गोळी कुत्र्याच्या पोटात जाऊन काय करते, हे या वेळच्या आरोग्य पानावर आपण नीट समजून घेऊ.

मी माणसांची नर्स, जनावरांची डॉक्टर नाही. कोणत्या कुत्र्याला कोणते औषध द्यावे हे मी सांगणार नाही, ते पशुवैद्याचे काम. पण वॉर्डात औषध देताना जी सवय लागते ती इथेही उपयोगी पडते. आधी वजन किती, पोटात काही आहे का, किडनी कशी आहे, सोबत दुसरे कोणते औषध चालू आहे. हेच प्रश्न कुत्र्याच्या बाबतीत विचारले, तर अर्धी गोळी देणारा हात आपोआप थांबेल.

मार लागला, सांधा सुजला की शरीर त्या जागी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार करते. सूज, लाली, ठणका हे बरेचसे त्यांच्यामुळे. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, एसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, निमेसुलाइड, अ‍ॅस्पिरिन ही औषधे ती द्रव्ये तयार होणेच कमी करतात, म्हणून आराम पडतो. अडचण अशी की हीच द्रव्ये शरीरात चांगली कामेही करतात. पोटातले आम्ल पोटालाच जाळू नये म्हणून आतून जो चिकट थर असतो, तो यांच्यामुळे टिकतो. अंगातले पाणी कमी झाले तर किडनीला रक्त पुरत राहावे, याची काळजीही हीच घेतात. गोळी ठणका थांबवते, तशी ही राखणही थांबवते. माणसांनाही आपण सांगतो ना, उपाशीपोटी घेऊ नका, पाणी भरपूर प्या, मनाने आठ-आठ दिवस खाऊ नका. कारण हेच.

कुत्र्याच्या बाबतीत हा धोका कितीतरी पटीने वाढतो. एक म्हणजे त्याचे वजन कमी. दुसरे, त्याचे शरीर ही औषधे आपल्यासारखी लवकर बाहेर टाकत नाही. आयबुप्रोफेन त्याच्या पित्तातून आतड्यात उतरते आणि तिथून पुन्हा रक्तात शोषले जाते. म्हणजे एकदा दिलेली गोळी आत फिरत राहते. नेप्रोक्सेनचे तर आणखी वाईट. माणसाच्या रक्तातले नेप्रोक्सेन निम्मे व्हायला अर्धा-पाऊण दिवस लागतो, कुत्र्याच्या रक्तात त्याला साधारण तीन दिवस लागतात. आपण सकाळ-संध्याकाळ गोळी देत गेलो तर आधीची अजून आतच असते आणि तिच्यावर नवी चढत जाते.

आता थोडे गणित करू, कारण 'अर्ध्या गोळीने काय होते' हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो. कॉम्बिफ्लामच्या एका गोळीत ४०० मिलिग्रॅम आयबुप्रोफेन आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. साठ किलोच्या माणसाने ती घेतली तर किलोमागे सहा-सात मिलिग्रॅम आयबुप्रोफेन झाले. दहा किलोच्या कुत्र्याला तीच गोळी दिली तर किलोमागे ४० झाले. कुत्र्यामध्ये किलोमागे २५ मिलिग्रॅमच्या पुढे एकाच वेळी गेले की उलट्या, पोटात जखमा, रक्त जाणे सुरू होऊ शकते. १०० च्या पुढे किडनीला धोका सुरू होतो. चार किलोच्या पिल्लाला एक अख्खी गोळी म्हणजे बरोबर १००. आणि कमी दिले म्हणून सुटका नाही. कुत्र्यांना किलोमागे फक्त ८ मिलिग्रॅम रोज, असे महिनाभर दिले तेव्हा बाहेरून काही दिसत नसतानाही त्यांच्या पोटात अल्सर झालेले सापडले आहेत. दहा किलोच्या कुत्र्याला हे ८० मिलिग्रॅम, म्हणजे पाव गोळीपेक्षाही कमी. तेव्हा 'आमच्या कुत्र्याला काही झाले नाही' या वाक्यावर फार विसंबू नका.

पॅरासिटामॉल सूज उतरवणाऱ्या गोळ्यांत धरत नाहीत, पण डब्यात ती सगळ्यात जास्त असते म्हणून सांगते. पाच किलोच्या कुत्र्याला ५०० ची एक गोळी म्हणजे किलोमागे १०० मिलिग्रॅम. एवढ्याने यकृताला इजा होऊ शकते, हिरड्या तपकिरी-निळसर पडतात, तोंड आणि पंजे सुजतात. पशुवैद्य कधीकधी कुत्र्याला हेच औषध मोजून देतात, तो हिशेब त्यांचा. मांजराला मात्र तुकडाही नाही. पॅरासिटामॉल पचवण्याची सोयच मांजराच्या शरीरात फार अपुरी आहे, आपली अर्धी गोळी तिचा जीव घेऊ शकते.

एकाला औषध ते दुसऱ्याला विष कसे होते, याचे सगळ्यात मोठे उदाहरण आपल्या देशातच घडले आहे. गावकीने लादलेले मेलेली ढोरे ओढण्याचे काम ज्यांच्या आजोबा-पणजोबांनी केले, त्यांच्या घरात माळावर उतरणाऱ्या गिधाडांच्या आठवणी अजून निघतात. ती गिधाडे कुठे गेली? १९९० नंतर गाई-म्हशींना सूज आणि तापासाठी डायक्लोफिनॅक सर्रास दिले जाऊ लागले. गाईला त्याने आराम पडे. पण औषध दिल्यानंतर थोड्याच दिवसांत गाय मेली आणि गिधाडांनी तिचे मांस खाल्ले, तर त्या मांसातल्या थोड्याशा डायक्लोफिनॅकने त्यांच्या किडन्या बंद पडत. पांढऱ्या पाठीची गिधाडे शंभरातली नव्याण्णव संपली. भारत सरकारने २००६ मध्ये जनावरांसाठी डायक्लोफिनॅक बंद केले आणि २०२३ मध्ये एसिक्लोफिनॅक व किटोप्रोफेनवरही जनावरांसाठी बंदी आली. गिधाडे गेल्यावर उघड्यावर पडलेली ढोरे कुत्र्यांच्या वाट्याला आली आणि मोकाट कुत्री वाढली, असे अभ्यासकांचे म्हणणे आहे. म्हणजे आज वस्तीच्या तोंडाशी जो कुत्र्यांचा घोळका दिसतो, त्याच्या वाढीतही एका दुखण्याच्या गोळीचा थोडा हात आहे.

आमच्या वस्तीतली एक गोष्ट सांगते, कारण तिच्यात नुसत्या गोळीपेक्षा जास्त शिकण्यासारखे आहे. पाण्याच्या टाकीजवळच्या एका घराने शेरू नावाचा कुत्रा पाळला होता. पाळला म्हणजे रात्री दारात झोपायचा, घरातला मुलगा त्याच्याशिवाय जेवायचा नाही. पावसाळा संपता संपता शेरू मलूल झाला, मागचा पाय टेकेना, अंग गरम लागू लागले. आजीने तिच्या गुडघ्यांची गोळी त्याला द्यायला सुरुवात केली, सकाळी अर्धी आणि रात्री अर्धी. पहिल्या दिवशी तो उठून चाललादेखील. म्हणून गोळी पुढे चालू राहिली. चौथ्या दिवशी कॉफीच्या भुकटीसारखी काळी उलटी झाली. मुलाच्या वडिलांनी त्या दिवशीचे काम सोडले, पोत्यात गुंडाळून त्याला रिक्षाने दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी कान उलटून पाहिले तर आत गोचिडांची रांग. रक्त तपासले, प्लेटलेट फार कमी. गोचीडताप होता. लंगडणे मार लागल्याचे नव्हतेच, सांधे दुखत होते ते तापाने. प्लेटलेट कमी, त्यात पोटात जखमा करणारी गोळी. सलाईन लावले, औषधे दिली, पण शेरू दोन दिवसांनी गेला. आजी आजही म्हणते, मी त्याला बरे करत होते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. मेडिकलवाल्याने विचारले नाही, कुणी सांगितले नाही, पाकिटावर 'कुत्र्याला देऊ नका' असे लिहिलेले नसते.

डेंग्यूच्या काळात आपण या पानावर लिहिले होते की तापात आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक घेऊ नका, प्लेटलेट आधीच कमी असतात. कुत्र्याच्या गोचीडतापात नेमकी तीच गोष्ट आहे. म्हणून कुत्रा लंगडला तर आधी त्याचे कान, मान, बोटांच्या मधल्या जागा गोचिडांसाठी पाहा. दुसरा आजार लेप्टो. उंदरांच्या लघवीने घाण झालेल्या पाण्यातून तो माणसालाही होतो आणि कुत्र्यालाही. त्यात किडनी आणि यकृत आधीच मार खात असतात, आणि कुत्रा अंग दुखते म्हणून वाकून चालतो. पार्व्होच्या उलट्या-जुलाबात अंगातले पाणी संपलेले असते. या तिन्ही आजारांत दुखण्याची गोळी म्हणजे बुडणाऱ्याच्या डोक्यावर दगड. आपल्याला बाहेरून हे ओळखता येत नाही, म्हणून तर तपासणी हवी.

कुत्र्यांसाठी दुखण्याची औषधे नाहीतच, असे मात्र समजू नका. मेलोक्सिकॅम, कार्प्रोफेन, फिरोकॉक्सिब, रोबेनाकॉक्सिब ही कुत्र्यांना देतात. म्हाताऱ्या कुत्र्याचे सांधे, ऑपरेशन, मोडलेले हाड, यात ती खरोखर उपयोगी आहेत. जनावराला दुखते तर दुखू द्या, असे सांगणारी मी नाही. आपल्याकडे पशुवैद्य जास्त करून मेलोक्सिकॅम देतात. ते माणसांच्या मेडिकलमध्येही मिळते, आणि घोटाळा तिथेच होतो. दहा किलोच्या कुत्र्याला पहिल्या दिवशी साधारण २ मिलिग्रॅम आणि पुढे रोज १ मिलिग्रॅम एवढेच देतात. माणसाची गोळी येते साडेसात आणि १५ मिलिग्रॅमची. म्हणजे १५ च्या गोळीचा अर्धा तुकडा दिला तर त्या कुत्र्याला आठवडाभराचे औषध एका घासात गेले. 'डॉक्टरांनी हेच नाव लिहिले होते' असे म्हणून मेडिकलमधून आणू नका. कुत्र्यांसाठी ते पातळ, मोजून देण्याचे औषध किंवा कमी ताकदीची गोळी म्हणून मिळते, तेच घ्या आणि वजन करून घ्या. वजनकाटा नसेल तर रेशन दुकानात किंवा भंगारवाल्याकडे आधी माणसाने एकट्याने चढावे, मग कुत्र्याला उचलून चढावे, फरक काढावा. भंगारवाला हसेल, हसू दे.

बरोबर औषध, बरोबर मात्रा असली तरी काही गोष्टी डॉक्टरांना आपणहून सांगाव्या लागतात. कुत्री गाभण आहे का, पिल्लांना पाजते का. त्याला उलट्या-जुलाब चालू आहेत का, पाणी पितो का. आधी किडनी-यकृताचा त्रास होता का. आणि सगळ्यात महत्त्वाचे, त्याला गेल्या काही दिवसांत कोणते इंजेक्शन किंवा गोळी मिळाली आहे. खाज सुटली, केस गळाले की अनेक ठिकाणी स्टेरॉइडचे इंजेक्शन मारतात, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या देतात. स्टेरॉइड आणि दुखण्याची गोळी एकत्र आली की पोटाला भोक पडण्यापर्यंत मजल जाते. दुखण्याची दोन वेगवेगळी औषधेही एकावर एक चालत नाहीत. एक बंद करून दुसरे सुरू करायचे तर मध्ये काही दिवस मोकळे सोडावे लागतात, ते किती हे डॉक्टरच ठरवतील. घरून अर्धी गोळी दिली असेल तर लाजू नका, सांगा. ते न सांगितल्यामुळे वरून दुसरे औषध पडते.

औषध चालू असताना ते खाण्याबरोबर द्या, पाण्याचे भांडे भरलेले ठेवा, आणि कुत्र्याची शी बघा. हो, बघा. डांबरासारखी काळी, चिकट शी म्हणजे आतून रक्त जाते आहे. उलटी, खाणे सोडणे, हिरड्या पांढऱ्या पडणे, डोळे पिवळे दिसणे, एकदम खूप पाणी पिणे आणि खूप मुतणे किंवा लघवी बंद होणे, चालताना झोकांड्या जाणे, यातले एकही दिसले तर पुढची मात्रा देऊ नका आणि डॉक्टरांना विचारा. बरा वाटला म्हणून मात्रा वाढवू नका आणि एका कुत्र्याचे औषध शेजारच्या कुत्र्याला देऊ नका.

मोकाट कुत्र्याला तर चपातीत घालून काहीच देऊ नये. दिलेला घास तोच खाईल याचा भरवसा नाही, त्याची शी कोण बघणार, उलटी कोण बघणार? शिवाय कानाचा तुकडा कापलेली, नुकतीच नसबंदी करून सोडलेली कुत्री एक-दोन दिवस मलूल असतात. त्यांना ऑपरेशनच्या वेळी दुखण्याचे औषध दिलेले असते. त्यावर आपली गोळी म्हणजे दुहेरी मात्रा. टाका उसवला, रक्त आले, तर ज्यांनी सोडले त्या नसबंदी केंद्राला किंवा पालिकेला कळवा. आणि दुखणारा कुत्रा ओळखीचा असला तरी चावतो. तोंडात हात घालून गोळी भरवू नका. लाळ गाळणारा, विचित्र वागणारा, घशात काही अडकल्यासारखे करणारा कुत्रा पिसाळलेला असू शकतो. चावला, ओरखडला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा.

दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरी काय करता येईल? मुका मार असेल तर पहिले एक-दोन दिवस फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा. जुन्या सांधेदुखीला कोमट शेक. फरशीवर न झोपवता पोते किंवा जुनी गोधडी दुमडून द्या, म्हाताऱ्या कुत्र्याला यानेच निम्मा आराम मिळतो. उड्या, पायऱ्या बंद. लठ्ठ असेल तर खाणे थोडे कमी करा, प्रत्येक किलो त्या सांध्यावर पडतो. बाम, दुखण्याचे जेल, स्प्रे काही लावू नका. कुत्रा ते चाटतो आणि औषध पोटातच जाते. आपल्या गुडघ्याला जेल लावले असेल तरी त्याला पाय चाटू देऊ नका. कुत्रा दुखते म्हणून रडतोच असे नाही, हेही ध्यानात ठेवा. एकच जागा सारखी चाटणे, बसल्या जागेवरून उठायला वेळ लावणे, उकाडा नसताना धापा टाकणे, हात लावला की गुरगुरणे, ही त्याची दुखण्याची भाषा.

पैशाचे मला माहीत आहे. खाजगी दवाखान्यात तपासणी, रक्त, सलाईन धरून बिल हजारांत जाते, आणि आपल्यापैकी कित्येकांचे घर रोजच्या मजुरीवर चालते. म्हणून आधी सरकारी दवाखाना शोधा. तालुक्याच्या गावी आणि मोठ्या गावांत पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, तिथे शुल्क थोडे असते. मुंबईत परळला १८८६ पासूनचे पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे आणि तिथेच बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे प्राण्यांचे रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. १९६२ हा पशुवैद्यकीय सेवेचा टोल फ्री क्रमांक मुख्यतः गुराढोरांसाठी असला, तरी जवळचा दवाखाना कोणता हे विचारायला लावून बघायला हरकत नाही. चार घरांनी मिळून रिक्षाचे भाडे काढले तर विहाराच्या आवारातला कुत्राही नेता येतो. आमच्याकडे महिला मंडळाने तसे केले आहे.

शेवटी, गोळी आधीच पोटात गेली असेल तर. पाकीट कुत्र्यानेच फोडून खाल्ले असेल तरीही हेच. तो ठीक दिसतो म्हणून सकाळपर्यंत थांबू नका. पहिल्या एक-दोन तासांत नेले तर डॉक्टर उलटी करवून बरेचसे औषध बाहेर काढू शकतात, कोळशाचे औषध देऊन उरलेले शोषून घेऊ शकतात आणि किडनी वाचवायला सलाईन लावतात. घरी मिठाचे पाणी पाजू नका, मीठच विष होते. घशात बोटे घालू नका, दूध-तूप ओतू नका. गोळीचे रिकामे पाकीट सोबत घ्या, कचऱ्यात गेले असेल तर शोधून घ्या. किती गोळ्या होत्या, किती उरल्या, किती वाजता खाल्ल्या आणि कुत्र्याचे वजन अंदाजे किती, एवढे कागदावर लिहून न्या. घरात गडबड असते, दवाखान्यात गेल्यावर आठवत नाही.